मुलांची मागची पोटगी : अर्जाची तारीख, मुदत आणि वसुली

घटस्फोटानंतर मुलांच्या खर्चाबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : जे महिने, जी वर्षं निघून गेली, त्यांचे पैसे आता मागता येतात का? उत्तर प्रत्येकाच्या कागदांवर अवलंबून आहे, म्हणून पत्रांतला आवश्यक तपशील ठेवला आहे आणि ओळख पटेल असं सगळं काढलं आहे.

प्रश्न : घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली. मुलगी अकरा वर्षांची आहे, माझ्याकडेच वाढली. निकालपत्रात तिच्या खर्चाबद्दल एक ओळही नाही. तेव्हा मला फक्त सुटका हवी होती, म्हणून मी काही मागितलं नाही. आता शाळेचा खर्च झेपत नाही. मागच्या सहा वर्षांचे पैसे तिच्या वडिलांकडून मिळतील का? आम्ही हिंदू आहोत, मी नोकरी करते.

उत्तर : मुलीचा हक्क तुमच्या गप्प राहण्याने संपलेला नाही. मात्र पुढचे पैसे आणि मागचे पैसे मिळवण्याचे रस्ते वेगळे आहेत, आणि मागच्या पैशांचा रस्ता अवघड आहे.

बहुतेकांना माहीत असतो तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 चा अर्ज. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आलं आहे. हा अर्ज सगळ्या धर्मांच्या लोकांना करता येतो आणि तुलनेने लवकर चालतो. त्याची मर्यादा अशी, की पोटगी आदेशाच्या तारखेपासून किंवा फार तर अर्जाच्या तारखेपासून मिळते. त्याआधीचा एकही महिना या कलमाखाली मिळत नाही. 4 नोव्हेंबर 2020 रोजी ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पोटगी अर्जाच्या तारखेपासूनच द्यायला हवी. त्यामुळे प्रकरण दोन वर्षं रेंगाळलं तरी ती दोन वर्षं बुडत नाहीत. अर्ज न करता गेलेले महिने मात्र या कलमातून कायमचे जातात. म्हणून मागच्या रकमेचे कागद जमेपर्यंत थांबू नका. पुढच्या पोटगीचा अर्ज आधी दाखल करा आणि त्यातच अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची, पोटगी मागा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत अंतरिम अर्जाचा निकाल लागावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, पण तारखेला ‘साठ दिवस उलटले’ हे न्यायाधीशांच्या नजरेस आणून देता येतं.

दुसरा मार्ग हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 चा. घटस्फोटाचा हुकूम झाल्यानंतरही त्याच न्यायालयात मुलांच्या पालनपोषणासाठी आणि शिक्षणासाठी अर्ज करता येतो. निकालपत्र मुलीबद्दल गप्प असेल तर हा अर्ज सरळ बसतो.

मागच्या वर्षांसाठी लागतो तो हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956. त्याच्या कलम 20 प्रमाणे आई आणि वडील दोघांवरही अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांना पोसण्याची जबाबदारी आहे. हा दिवाणी दावा आहे आणि त्यात मागची थकलेली पोटगी मागता येते. मुदत कायद्याच्या अनुच्छेद 105 प्रमाणे प्रत्येक रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. म्हणजे दावा दाखल करण्याच्या दिवसापासून मागे मोजलेली तीन वर्षं हा तुमच्या मागणीचा भक्कम भाग.

त्याआधीच्या तीन वर्षांचं काय? मुदत कायद्याच्या कलम 6 प्रमाणे हक्क अज्ञान व्यक्तीचा असेल तर ती सज्ञान झाल्यावरही मुदतीत दावा करू शकते. म्हणून दावा मुलीच्या नावाने, ‘अज्ञान तर्फे आई’ असा लावायचा. आईने स्वतःच्या नावाने ‘मी केलेला खर्च परत द्या’ असा दावा लावला, तर कलम 6 चा आधार जातो आणि वाद भलतीकडे वळतो. ही चूक पुष्कळ दाव्यांत होते. समोरून ‘आई इतकी वर्षं कुठे होती’ असा विरोध होणारच. त्यासाठी दाव्याच्या शेवटी मागणी दोन पायऱ्यांत लिहा : संपूर्ण सहा वर्षांची रक्कम, आणि ती मान्य न झाल्यास पर्यायाने तीन वर्षांची. पर्यायी मागणी लिहिलेली नसेल तर निकालाच्या वेळी अडचण होते.

आता रक्कम. तुम्ही नोकरी करता, त्यामुळे संपूर्ण खर्च वडिलांवर टाकला जाणार नाही. ‘पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा’ या 2000 सालच्या निकालात वडिलांचं उत्पन्न आईच्या दुप्पट होतं, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या खर्चाची विभागणी त्याच प्रमाणात केली. असंच गणित तुमच्या दाव्यात मांडा. समजा एका वर्षाचा खर्च 1,50,000 रुपये आणि उत्पन्नाचं प्रमाण दोनास एक, तर वडिलांचा वाटा 1,00,000. असं वर्षवार गणित दिलेला दावा ‘सहा वर्षांचे दहा लाख द्या’ अशा मोघम मागणीपेक्षा कितीतरी जास्त टिकतो.

पुरावा खर्चाचा हवा, तक्रारींचा नव्हे. शाळेच्या पावत्या हरवल्या असतील तर शाळेकडून वर्षवार फीचं पत्र घ्या. कार्यालयात नोंद असते आणि लेखी मागितल्यावर बहुतेक शाळा देतात. दवाखान्याची बिलं, शिकवणी, बस, गणवेश, घरभाड्याचा करार, बँकेचा आणि यूपीआयचा उतारा, सगळं वर्षाप्रमाणे लावा. घरभाड्यात आणि किराण्यात मुलीचा वाटा वेगळा दाखवा. या सहा वर्षांत तुम्ही पैसे मागितल्याचा एखादा मेसेज किंवा ईमेल असेल तर तो जपून ठेवा. तो नसला तरी दावा मरत नाही, पण ‘तिने कधी मागितलंच नाही’ या बचावाला तो थेट उत्तर आहे. आणखी वेळ जाऊ न देता वडिलांना लेखी मागणी पाठवा, पोचपावतीसह.

खर्चाची भीती बाळगू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका किंवा जिल्हा न्यायालयातच कार्यालय असतं, आणि 15100 हा मदतीचा क्रमांक आहे. महाराष्ट्रात पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालय शुल्कही माफ आहे.

एक सावधगिरी. दोन-तीन ठिकाणी अर्ज केले तरी चालतात, पण प्रत्येक अर्जात बाकीच्यांची माहिती द्यावीच लागते. एका ठिकाणी मिळालेली रक्कम दुसरीकडे वळती केली जाते. लपवलं तर विश्वासार्हता जाते आणि खऱ्या मागणीकडेही संशयाने पाहिलं जातं.

प्रश्न : कौटुंबिक न्यायालयाने कलम 125 खाली मुलासाठी दरमहा 8,000 रुपये मंजूर केले, दर महिन्याच्या 10 तारखेला द्यायचे. डिसेंबर 2022 पर्यंत पैसे आले, मग बंद. मी तीन वर्षं वाट पाहिली, कारण दर वेळी ‘पुढच्या महिन्यात देतो’ असं उत्तर यायचं. आता कोणी म्हणतं, एक वर्षाच्या वरचे पैसे बुडाले. खरं आहे का?

उत्तर : बुडाले नाहीत. ही समजूत वकिलांच्या टेबलावरूनही ऐकू येते आणि तिच्यामुळे मुलांचं फार नुकसान झालं आहे.

एक वर्षाची अट आहे ती वॉरंटला. कलम 125(3), म्हणजे आताच्या 144(3) प्रमाणे, हप्ता देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला तरच न्यायालय त्या हप्त्यासाठी जप्तीचं वॉरंट काढतं आणि तरीही पैसे न आल्यास कैद देतं. ‘पूनगोडी विरुद्ध तंगवेल’ या 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की ही अट वसुलीच्या या एका पद्धतीपुरती आहे. थकबाकीवरचा हक्क त्यामुळे संपत नाही. जुन्या रकमेसाठी नेहमीचा दिवाणी मार्ग मोकळा राहतो. ‘रजनेश विरुद्ध नेहा’मध्येही म्हटलं आहे, की पोटगीचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्यासारखा (दाव्याच्या निकालावरच्या आदेशासारखा) वसूल करता येतो.

तुमचा हिशेब करून पाहू. जानेवारी 2023 ते डिसेंबर 2025 हे छत्तीस हप्ते, एकूण 2,88,000 रुपये. अर्ज 10 जानेवारी 2026 च्या आत दाखल झाला असेल, तर 10 जानेवारी 2025 चा आणि त्यापुढचे असे बारा हप्ते, म्हणजे 96,000 रुपये, वॉरंटच्या टप्प्यात येतात. उरलेले चोवीस हप्ते, 1,92,000 रुपये, जप्तीच्या दिवाणी मार्गाने मागायचे. अर्ज जितके महिने उशिरा, तितके हप्ते पहिल्या ढिगातून दुसऱ्यात जातात. म्हणून आजच्या तारखेपासून मागे मोजा आणि दोन्ही आकडे वेगळे काढा. एकाच अर्जात सगळी रक्कम ढोबळ टाकली, की समोरचा वकील मुदतीची हरकत घेतो आणि त्या हरकतीवरच वर्ष जातं. दोन तक्ते जोडा : महिना, देय तारीख, रक्कम, मिळालेली रक्कम, बाकी. मधे रोख पाच-दहा हजार मिळाले असतील तर तेही प्रामाणिकपणे वजा दाखवा. समोरून एक पावती निघाली आणि ती तक्त्यात नसली, तर अख्खा तक्ता संशयात येतो.

यापुढे नियम एकच ठेवा : दर सहा महिन्यांनी वसुलीचा अर्ज. ‘देतो, देतो’ या आश्वासनाने मुदत थांबत नाही. पहिला अर्ज प्रलंबित असताना नंतरचे हप्ते थकले, तर तेही त्याच अर्जात जोडून घ्यायची लेखी विनंती करा. ‘पूनगोडी’च्या प्रकरणात प्रलंबित अर्जाचाच आधार कामी आला होता.

वॉरंट निघाल्यावर काय होतं तेही समजून घ्या. आधी मालमत्तेतून वसुलीचा प्रयत्न होतो, त्यानंतर कैद. कैद एक महिन्यापर्यंत, किंवा त्याआधी पैसे भरले तर तोपर्यंत. 1999 च्या ‘शहादा खातून’ निकालानुसार दंडाधिकारी एका वेळी एक महिन्यापेक्षा जास्त कैद देऊ शकत नाहीत. त्यानंतरही पैसे दिले नाहीत तर पुन्हा अर्ज करायचा. कैद भोगल्याने रक्कम माफ होत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच ‘कुलदीप कौर’ निकालात सांगितलं आहे : तुरुंग हा पैसे भरायला लावण्याचा मार्ग आहे, फेड नव्हे. म्हणून ‘तो महिना आत बसून आला, आता हिशेब मिटला’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

नोकरदार माणसाच्या बाबतीत तुरुंगापेक्षा पगारजप्ती जास्त उपयोगी ठरते, असं आमचं स्पष्ट मत आहे. नोकरी गेली तर पुढची पोटगीही जाते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. इतर कर्जांच्या वसुलीपेक्षा ही तरतूद खूप कडक आहे. जप्तीचा आदेश पगार देणाऱ्याकडे जातो आणि कापलेली रक्कम न्यायालयात जमा होते. अर्जात नोकरीच्या ठिकाणाचं पूर्ण नाव, पगार वाटपाच्या कार्यालयाचा पत्ता आणि कर्मचारी क्रमांक असेल तर तो द्या. ‘अमुक कंपनी, पुणे’ एवढ्यावर पाठवलेले आदेश परत येतात.

तो दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेला असेल तर तिथल्या दंडाधिकाऱ्याकडेही आदेशाची अंमलबजावणी मागता येते. तो माणूस तोच आहे आणि पैसे दिलेले नाहीत, एवढं तिथे दाखवावं लागतं. पोटगीच्या आदेशाची एक प्रत तुम्हाला विनामूल्य मिळायला हवी. ती घेतली नसेल तर आधी घ्या.

प्रश्न : परस्पर संमतीच्या घटस्फोटात मी ‘मुलासाठी भविष्यात काहीही मागणार नाही’ असं लिहून दिलं आहे. एकरकमी दोन लाख घेतले होते. आता मार्ग बंद झाला का?

उत्तर : तुम्ही स्वतःच्या पोटगीचा हक्क सोडू शकता, मुलाचा नाही. पोटगीवरचा हक्क मुलाचा स्वतंत्र आहे आणि आईच्या सहीने तो जात नाही, अशीच न्यायालयांची भूमिका आहे. मुलाच्या नावाने अर्ज करा आणि संमतीपत्राची प्रत स्वतःहून जोडा. दोन लाख कशासाठी होते ते मजकुरात पाहा. ते तुमच्या पोटगीचे होते असं लिहिलं असेल तर चांगलं. मुलाच्या शिक्षणासाठी होते असं लिहिलं असेल तर ते कसे खर्च झाले याचा हिशेब तयार ठेवा, कारण तेवढी रक्कम विचारात घेतली जाईल. मागच्या काळाची मागणी अशा प्रकरणात कमजोर असते, कारण त्या काळासाठी एक रक्कम आधीच दिलेली आहे. जोर पुढच्या पोटगीवर द्या.

प्रश्न : आम्ही मुस्लिम आहोत. तलाकनंतर मुलांची जबाबदारी वडिलांवर फक्त दोन वर्षांपर्यंत असते, असं मला सांगण्यात आलं. धाकटा सात वर्षांचा आहे.

उत्तर : चुकीचं सांगितलं आहे. घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांसाठीच्या 1986 च्या कायद्यातली दोन वर्षांची तरतूद आईला मिळणाऱ्या रकमेबद्दल आहे. ‘नूर सबा खातून विरुद्ध मोहम्मद कासिम’ या 1997 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मुलांचा कलम 125 खालचा हक्क त्यामुळे कमी होत नाही. कलम 144 खाली आजच अर्ज करा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मागा.

मागच्या काळासाठी 1956 चा हिंदू कायदा तुम्हाला लागू नाही. पण कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 सगळ्यांना लागू आहे. पैसे अडवून ठेवणं हा त्या कायद्यात आर्थिक छळ मानला जातो, आणि कलम 20 मध्ये हिंसाचारामुळे स्त्रीला व तिच्या मुलांना सोसावा लागलेला खर्च भरून मागता येतो. लग्नात असताना घरखर्च बंद केला गेला असेल, तर त्या काळातल्या खर्चाच्या पावत्यांसह ही मागणी वेगळी लिहा. त्याच कलमाखाली न्यायालय नोकरी देणाऱ्याला थेट तुमच्या खात्यात पैसे भरायला सांगू शकतं. तलाक नंतर झाला म्हणून हा अर्ज बाद होत नाही.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. माझ्यासाठी मंजूर पोटगी वडिलांनी कधीच नीट दिली नाही आणि मी अठराची झाल्यावर ‘आता संपलं’ असं कळवलं. आईला आता कोर्टात जायचं नाही. मी जाऊ शकते का?

उत्तर : हो, आणि आता तुझ्याच सहीने जावं लागेल. आई तुझ्या वतीने नवा दावा करू शकत नाही.

दोन गोष्टी वेगळ्या कर. पहिली, अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत साठलेली थकबाकी. तू सज्ञान झालीस म्हणून ती पुसली जात नाही. आदेशाची प्रत मिळव आणि त्यावरचं कलम पाहा. आदेश कलम 125 चा असेल तर गेल्या एक वर्षातल्या हप्त्यांसाठी वॉरंट, बाकीसाठी हुकूमनाम्यासारखी वसुली. दिवाणी दाव्यातला किंवा विवाह कायद्याखालचा हुकूमनामा असेल तर प्रत्येक हप्ता थकल्याच्या तारखेपासून बारा वर्षं दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावता येते.

दुसरी गोष्ट पुढची. ‘अभिलाषा विरुद्ध प्रकाश’ या सप्टेंबर 2020 च्या निकालाप्रमाणे सज्ञान मुलीला, अपंगत्व नसेल तर, कलम 125 खाली पोटगी मिळत नाही. त्याच निकालात हेही आहे, की हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम 20(3) प्रमाणे अविवाहित आणि स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर जगू न शकणाऱ्या मुलीला पोसण्याची जबाबदारी वडिलांवर राहते. तुझा दावा या कलमाखाली. शिक्षणाचा खर्च या कायद्याच्या व्याख्येतच पोटगीत धरला आहे. कॉलेजच्या फीचं पत्रक, वसतिगृहाच्या पावत्या, शिष्यवृत्ती असेल तर तिचा आदेश आणि तुझं उत्पन्न शून्य असल्याचं शपथपत्र जोड. शिष्यवृत्ती लपवू नकोस.

ज्या काळाबद्दल कुठलाच आदेश नव्हता, त्या काळाची मागणी करायची असेल तर एकवीस वर्षं पूर्ण होण्याआधी दावा दाखल झाला पाहिजे. मुदत कायदा अज्ञानपण संपल्यावर तीन वर्षांपेक्षा जास्त सवलत देत नाही. अर्ज तयार व्हायला महिने लागतात, तेव्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात याच सुट्टीत जा.

प्रश्न : वडिलांचं दुकान आहे, दोन गाड्या आहेत, गावी बागायती शेती आहे. कोर्टात मात्र महिना बारा हजार उत्पन्न दाखवलं आहे. आम्ही काय करायचं?

उत्तर : ‘रजनेश विरुद्ध नेहा’नंतर दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं ठरावीक नमुन्यातलं शपथपत्र द्यावं लागतं. शेतीवर उपजीविका असलेल्यांसाठी वेगळा नमुना आहे. ते शपथपत्र आलं नसेल तर पुढच्या तारखेला लेखी मागा, आणि आलं असेल तर त्यातला प्रत्येक रकाना कागदाशी ताडून पाहा.

सातबारा आणि आठ-अ महाभूलेखवर पाहता येतात. पीकपाहणीतल्या नोंदीवरून बागायत किती, ऊस की द्राक्ष, हे कळतं. गेल्या काही वर्षांत खरेदी-विक्री झाली असेल तर नोंदणी विभागाकडे सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, शोधा. दुकानाचा जीएसटी क्रमांक पाटीवर किंवा बिलावर असतो. त्यावरून धंदा कुणाच्या नावावर आहे ते समजतं. मग न्यायालयाला अर्ज द्या, की बँकेने अमुक खात्याचे तीन वर्षांचे उतारे हजर करावेत, आयकराची विवरणपत्रं समोर यावीत. मोघम ‘सगळी खाती’ अशी मागणी फेटाळली जाते. शाखेचं नाव, शक्य असल्यास खाते क्रमांक द्या; जुन्या चेकवर, विम्याच्या कागदावर, शाळेच्या फीच्या पावतीवर तो सापडतो.

बारा हजार उत्पन्नात दोन गाड्यांचे हप्ते कसे भागतात, हा प्रश्न उलटतपासणीत विचारायचा आहे. तेवढ्यासाठी कर्जाची माहिती आधी हातात हवी. खोटं शपथपत्र सिद्ध झालं तर त्यावर वेगळी फौजदारी कारवाई मागता येते, पण ती सुरुवातीलाच मागू नका. मूळ प्रकरण त्याखाली दबतं.

शेती असेल तर हुकूमनाम्यात त्या जमिनीवर पोटगीचा बोजा ठेवण्याची मागणी दाव्यातच लिहा. 1956 च्या कायद्याप्रमाणे पोटगीचा बोजा आपोआप चढत नाही. तो हुकूमनाम्याने, कराराने किंवा अशाच रीतीने निर्माण व्हावा लागतो. बोजा मंजूर झाल्यावर हुकूमनाम्याची प्रत तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद करून घ्या. ती नोंद नसली, की जमीन भावाच्या नावावर जाते आणि वसुली अडकते.

प्रश्न : मी वडील आहे. मुलासाठी दरमहा 15,000 चा आदेश आहे. कंपनी बंद पडली, चौदा महिन्यांत मी काहीच भरलं नाही. मुलाला भेटूही देत नाहीत. थकबाकी माफ होऊ शकते का?

उत्तर : चौदा महिन्यांची रक्कम 2,10,000 होते आणि ती माफ होईल अशी आशा धरू नका. आदेश बदलला जाईपर्यंत तो आहे तसाच लागू असतो. नोकरी गेल्याच्या महिन्यात आदेशात बदल मागणारा अर्ज, आताच्या संहितेचं कलम 146, करायला हवा होता. तो आज करा. रक्कम कमी झालीच तर ती साधारणपणे या अर्जानंतरच्या काळासाठी होते. सोबत कंपनीचं पत्र, पीएफ खात्यातला शेवटचा हप्ता, बँकेचा उतारा आणि नोकरीसाठी केलेल्या अर्जांच्या नोंदी जोडा. नुसतं ‘बेरोजगार आहे’ म्हणून चालत नाही : धडधाकट माणसाने मजुरी करून का होईना, बायकोमुलांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ‘अंजू गर्ग’ निकालात म्हटलं आहे.

जुन्या रकमेसाठी हप्ते बांधून मागा. मोकळ्या हाताने गेलात तर न्यायालय ऐकणार नाही; पहिल्या तारखेला वीस-पंचवीस हजार जमा करून ‘उरलेले दरमहा इतके’ असा प्रस्ताव दिला तर वॉरंट बहुधा थांबतं. जमेल ती रक्कम दर महिन्याला बँकेतून पाठवा आणि शेऱ्यात महिन्याचं नाव लिहा. रोख देऊ नका. न सांगता शाळेत भरलेली फी पोटगीत धरली जाईलच असं नाही. तशी मुभा आदेशात लिहून घ्या.

भेटीचा आणि पैशांचा संबंध जोडू नका. भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही, आणि पोटगी थकली म्हणून आईला भेट अडवता येत नाही. भेटीसाठी स्वतंत्र अर्ज करा. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशकांमार्फत भेटीचं वेळापत्रक ठरवून मिळतं. त्या अर्जाच्या सुनावणीलाही पोटगी किती भरली हा प्रश्न विचारला जाईल, म्हणून बँकेचा उतारा दोन्ही प्रकरणांत दाखल करा.